नकाराची शिकवणी

ईश्वरी मोरबाळे क्लासला आली त्याच दिवशी माझ्याशी भांडली, आणि भांडणाचं कारण चहा. नव्या विद्यार्थ्यापुढे मी माझ्या हातचा चहा ठेवते. बिनसाखरेचा, पाणचट, त्यात आलं नाही की वेलदोडा नाही. आजवर सगळ्यांनी तो निमूट गिळला होता. ही पोरगी एक घोट घेऊन नाक मुरडून म्हणाली, "सेन्सेईबाई, ह्यो चहा हाय का भांडी विसळलेलं पाणी? मी नाही पिणार."

मी म्हटलं, पास झालीस. ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

तो चहा म्हणजे माझा पहिला धडा असतो. मला तो हारुको मोरिता यांनी शिकवला. तोक्योतली एक संस्था परदेशात जपानी शिकवणाऱ्यांना मदत करायची. पुस्तकं पाठवायची, परीक्षा घ्यायची, आणि शिकवायचं कसं हे आम्हाला शिकवायला दर हिवाळ्यात मोरिता-सानना, म्हणजे आपल्या भाषेत मोरिताबाईंना, कोल्हापूरला धाडायची. त्या माझ्याच घरी उतरायच्या. मिसळ खाताना नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी वर आणखी कट मागायच्या. त्यांचं म्हणणं असं, की नमस्कार आणि आभार काय, कुणीही शिकतो. आधी नकार शिकवा. समोरचा वयानं मोठा आहे, आग्रह करतोय, आणि तरीही त्याचा मान राखून नको म्हणता आलं पाहिजे. ज्याला हे जमलं तो परक्या देशात तगतो. म्हणून मी मुद्दाम वाईट चहा करायचा, आग्रह करकरून पाजायला बघायचं, आणि पोरांनी तो जपानी रीतीनं नाकारायचा. जपानी माणूस नाही म्हणतच नाही, ही लोकांनी उठवलेली आवई आहे. मोरिता-सान दातांमधून हळूच हवा आत ओढायच्या, मान जराशी कलती करायच्या, आणि भल्याभल्यांना कळायचं की विषय संपला.

सेन्सेई म्हणजे जपानीत गुरुजी. आमच्या पोरांना नुसतं सेन्सेई म्हणायला कसंतरीच होतं, म्हणून त्यांनी पुढे बाई जोडली. माझं नाव मृदुला शिरोळकर. नावासारखी मी नाही, हे मंगळवार पेठेत कुणीही सांगेल. सायकलच्या दुकानावरच्या माडीवर उभी हयात जपानी शिकवलं, आणि तोंड वाजवूनच शिकवलं.

ईश्वरी टायरवाल्या शिवाजीराव मोरबाळ्यांची थोरली. नर्सिंग झालेली, बुलेटवर हिंडणारी. रिक्षावाल्याशी वाजायचं, दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरशी वाजायचं, माझ्याशी तर रोजच. तिची आई रूपाली माझ्यापुढे सारखी एकच रडगाणं गायची, की हिच्या तोंडामुळं हिला कोण करून घेणार. मला मात्र ती पोरगी फार आवडायची. उघड सांगते, इतकी दुसरी कुणी आवडली नाही.

कानात घालायची भाषांतरयंत्रं तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत होती. मग जपानी शिकायचं कशाला, असं लोक मला तोंडावर विचारायचे. कारण जपानच्या वृद्धाश्रमांत होतं. तिथं म्हातारी माणसं उदंड, सांभाळणारे हात थोडे. उचलायला आणि अंघोळ घालायला यंत्रं होती. पण ज्यांची आठवण गेली आहे अशा म्हाताऱ्यांना, समोरच्याचे ओठ आधी हलतात आणि आवाज कानातल्या यंत्रातून मागाहून येतो, हे सोसत नसे. ते घाबरायचे, हात उगारायचे. शेवटी तिथं नियम झाला, की सेवा करणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं जपानी बोललं पाहिजे. त्या नियमानं माझा क्लास भरला, आणि त्याच नियमानं तो बसला. कारण मला दोन वर्षं लागायची आणि झोपेत भाषा शिकवणाऱ्या नव्या टोपीला एक महिना.

टोपीचं शास्त्र मला ती बनवणाऱ्या कंपनीच्या माणसानं समजावलं होतं. तो आधी माझ्याकडेच आला होता, तुमच्या जागेत केंद्र काढूया म्हणून. मी त्याला माझा चहा पाजला आणि वाटेला लावलं. पण तो सांगत होता ते खोटं नव्हतं. आपण बोलतो तेव्हा मेंदूतल्या ठरावीक जागा ठरावीक तालात जाग्या होतात. शब्द शोधणारी एक, त्यांची जुळणी करणारी दुसरी, आवाज कुठं चढवायचा आणि कुठं उतरवायचा हे ठरवणारी तिसरी. जन्मानं जपानी असलेल्या माणसांच्या डोक्यावर टोप्या घालून, ती बोलत असताना, हा ताल हजारो तास टिपून घेतला होता. शिकणाऱ्यानं टोपी घालून झोपायचं. कानात तीच संभाषणं बारीक आवाजात चालतात, आणि टोपीतली चुंबकी वेटोळी त्याच्या मेंदूत त्याच जागा त्याच तालात जाग्या करतात. ज्या पेशी पुन्हा पुन्हा एकदम जाग्या होतात, त्यांच्यामधली वाट रुळते. पाठांतर करून आपण तेच करतो, फक्त रखडत रखडत. टोपी घातलेला माणूस महिन्यानं उठतो आणि जपानी बोलायला लागतो. घोकलेलं नाही, आतून आलेलं.

तोक्योच्या संस्थेनंही मग पुस्तकं आणि शिक्षक पाठवणं थांबवलं आणि टोप्या पाठवायला सुरुवात केली. मोरिता-सानना फुलं देऊन निवृत्त केलं.

ईश्वरी निरोप घ्यायला आली. "सेन्सेईबाई, तुमची दोन वर्षं सरेस्तोवर माझी म्हातारी हुईल," ती म्हणाली. "मी टोपी घालतो. रागावू नका. आणि रागावलात तरी मी घालणारच." आमच्याकडच्या पोरी मी जातो, मी करतो असंच बोलतात. मी रागावलेच. ती माझ्या पाया पडली आणि चहा न पिता गेली.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती जपानच्या उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावात कामाला लागली होती. दिवाळीच्या आधी रूपाली पेढे घेऊन माझ्याकडे आली. तिचा आनंद पोटात मावत नव्हता. लेक रोज फोन करते, तब्येत विचारते, उलट शब्द म्हणून नाही. "काय गोड बोलत्या ओ आता," रूपाली म्हणाली. "पोटची पोर अशी बोलंल असं सपनात वाटलं नव्हतं."

मला तो पेढा गोड लागला नाही. मी ईश्वरीला फोन लावला. पडद्यावर ती ताठ बसलेली, हात मांडीवर. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, क्लास कसा चाललाय विचारलं, मी बोलत असताना सारखी मान डोलावत राहिली. भाषा मराठीच, पण धुऊन इस्त्री केलेली. मी जाते, मी करते. काम कसं आहे म्हटलं तर सगळे फार चांगले आहेत. जेवण कसं आहे म्हटलं तर फार छान. मग मी धडधडीत खोटं बोलले. म्हटलं, तुझ्या वडिलांनी तुझी बुलेट विकली. ती गाडी तिचा जीव होता. सख्ख्या भावाला तिनं कधी किल्ली दिली नव्हती.

ती क्षणभर थांबली. नाकाच्या शेंड्याशी काहीतरी हललं, आणि लगेच चेहरा सपाट झाला. "बरं झालं," ती हसून म्हणाली, "जागाच अडत होती."

मी फोन ठेवला आणि लगोलग मोरिता-सानना लावला.

त्यांना आधीच वास आला होता. त्यांचा एक जुना विद्यार्थी टोपीच्या कंपनीत होता, त्याच्याकडून त्यांनी खोदून खोदून काढलं होतं, की ताल टिपला तो कुणाकुणाच्या डोक्यातून. दुकानांच्या गल्ल्यावरची माणसं. हॉटेलांत स्वागताला उभी असणारी. फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेणारी. सगळी कामावर असताना, गिऱ्हाइकासमोर. कारण त्यांचं बोलणं स्वच्छ, अदबीचं, आणि कामावर असताना त्यांचं काहीही टिपायची मुभा नोकरीच्या करारातच होती. वृद्धाश्रमांनाही अदबीच्याच मुली हव्या होत्या. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.

मोरिता-सान शिक्षिकाच, त्यांनी मला नीट समजावलं. गिऱ्हाईक वाटेल ते बरळतं तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाच्या मेंदूत नकार उगवतोच. राग येतोच. पण तो तोंडापर्यंत यायच्या आत कपाळामागचा मेंदू त्याला ब्रेक लावतो आणि चेहऱ्यावर हसू ठेवतो. त्या हजारो तासांत हा ब्रेक लाखो वेळा लागला होता. टोपीनं तोही टिपला. यातली भाषा कुठली आणि ब्रेक कुठला, हे यंत्राला काय कळणार. त्यानं दोन्ही वाटा सारख्याच रुळवून दिल्या. आणि हा ब्रेक काही एका भाषेपुरता नसतो. तो माणूस कुठल्याही भाषेत तोंड उघडायला गेला की लागतो.

"मृदुला-सान," त्या म्हणाल्या, "आमची ती माणसं संध्याकाळी घरी जातात, गणवेश काढतात आणि नवऱ्यावर खेकसतात. तुमच्या मुलींना तो गणवेश काढताच येत नाही."

मी विचारलं, कंपनी काय म्हणते. कंपनीचं म्हणणं असं, की टोपी घातलेल्या एकाही विद्यार्थ्याची आजवर तक्रार आलेली नाही. आता बोला. तक्रार येणार कुठून?

मी उपाय विचारला. त्या म्हणाल्या, रुळलेली वाट मोडायची तर तिच्यावरून उलटं चालत राहायला हवं. त्या मुलीनं नाही म्हणायला हवं, पुन्हा पुन्हा. पण स्वतःहून. कुणी सांगितलं म्हणून म्हटलेलं नाही चालणार नाही, कारण तेही एक प्रकारचं होच. किती दिवस लागतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. असा प्रयत्न अजून कुणी केला नव्हता.

मी ईश्वरीला परत बोलवा म्हणून शिवाजीरावांच्या मागे लागले. त्यांना वाटलं, क्लास बसला म्हणून बाईंचं पित्त खवळलंय. पोरगी सुखात आहे म्हणते, मग मी कोण? शेवटी ती परत आली ती माझ्यामुळं नाही, पाठीमुळं. तिथलं उचलायचं यंत्र बिघडलं होतं. दुरुस्त होईपर्यंत हातानं उचलशील का, असं तिला विचारलं, ती हो म्हणाली. दुसऱ्या मुलीची पाळीही करशील का, त्यालाही हो. दुखतंय का, असं रोज विचारत होते तिला. त्यांनी विचारलं नाही असं मी म्हणणार नाही. ती रोज मजेत आहे म्हणून सांगत राहिली, आणि एके दिवशी एका थोराड म्हाताऱ्याला पलंगावरून उठवताना तिचा मणका सरकला. हातात पुष्पगुच्छ देऊन तिला विमानात बसवलं.

पट्टा बांधून, काठी धरून ती माझा जिना चढून आली. मी नेहमीचा चहा ठेवला. तिनं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि कप दोन्ही हातांनी खाली ठेवून म्हणाली, "खूप छान झालाय, सेन्सेई." सेन्सेईपुढचं बाई गळून पडलं होतं.

मी विचारलं, खिडकी उघडू का, ती म्हणाली हो. मग म्हटलं, नाहीतर नको, गार वारं येईल, राहू दे बंद? तर म्हणाली हो, राहू दे. जपानला परत जायचं का? हो. की आता कधीच जायचं नाही? हो, आता नकोच. माझा प्रश्न वळेल तसं तिचं उत्तर वळत होतं, आणि प्रत्येक वेळी ती इतकं गोड हसायची की मला तिथंच मोठ्यानं रडावंसं वाटलं. तिला खरंच काय हवंय हे विचारायचा कुठला रस्ताच उरला नव्हता.

आणि पेठेत तिचे गोडवे. काठी टेकत पोरगी सगळ्यांशी वाकून बोलते, लहानाला अहो म्हणते, कुणी काही सांगितलं की करते. जपानला जाण्याशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा आया आपल्या पोरींना टोपीच्या केंद्रावर घेऊन जायला लागल्या. दोन-तीन घरांतून तर लग्न ठरल्यावर नवरीला आधी टोपीचा महिना करून यायला सांगितलं. केंद्रानं दारावर पाटी बदलली. पूर्वी लिहिलं होतं, जपानी शिका. आता लिहिलं, भाषा आणि संस्कार. माझं डोकं असं फिरलं की मी रस्त्यातच उभी राहून त्या पाटीला शिव्या घातल्या.

अशातच शाहूपुरीतल्या उत्तुऱ्यांचं स्थळ आलं. पैसेवालं घर, मुलगा रणवीर, दुसरेपणाचा. पहिली बायको हाताला प्लास्टर घालून माहेरी गेली ती परत आली नाही, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. त्याच्या आईनं, उत्तुरेबाईंनी, आल्या आल्या सांगितलं, की मुलीच्या पाठीचं आम्ही बघून घेऊ, आम्हाला फक्त टोपीवाली मुलगी हवी.

मी तडक टायरच्या दुकानात गेले. शिवाजीराव ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. हा माणूस वाईट नाही, हे इथंच सांगून ठेवते. मुलीला बुलेट घेऊन देणारा बाप आहे तो. मी त्यांना टोपीचं, ब्रेकचं, सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी हात पुसले.

"बाई, मी तिला तीनदा विचारलंय," ते म्हणाले. "एकटीला बसवून विचारलं. आईला बाहेर काढून विचारलं. पोरी, नको असंल तर बाप हाय तुझा, एका शब्दात मोडतो म्हटलं. ती हो म्हणत्या. आता आणि कसं विचारू सांगा."

मी म्हटलं, असं विचारा, की हे लग्न मोडू का? त्यालाही ती हो म्हणेल.

ते चमकले. पण मग त्यांचा चेहरा कडक झाला. तुमच्या म्हणण्याप्रमाणं तिच्या कुठल्याच शब्दाला अर्थ नाही, म्हणजे पोरगी माझी खुळीच झाली असं म्हणायचं का, असं त्यांनी विचारलं. रणवीरच्या पहिल्या बायकोचं काढलं, तर म्हणाले, ती फार भांडकुदळ होती असं ऐकलंय. मी म्हटलं, शिवाजीराव, तुमची पोरगी काय होती? ते पुन्हा ट्यूबकडे वळले. शेवटी एवढं मात्र कबूल केलं, की सुपारी फुटायच्या आधी चारचौघांसमोर मी तिला परत विचारीन, तुमच्या समाधानासाठी.

मग मी ईश्वरीची शिकवणी धरली. पाठीच्या व्यायामाचं निमित्त केलं आणि रोज सकाळी तिला माडीवर बोलावलं. दुसरं काही शिकवलं नाही, फक्त नकार. मी चहा पुढे करायचा, तिनं नको म्हणायचं. बिस्किट, नको. पंखा लावू, नको. माझी पिशवी उचल, नाही उचलणार. दोन दिवसांत ती तरबेज झाली. मराठीत नाही म्हणे, जपानीत दातांमधून हवा ओढे, मान कलती करी, अगदी मोरिता-सान. मी हुरळून गेले. वाटलं, जमतंय.

मग एकदा मी चहा पुढे केला आणि कपात माशी पडली म्हणून माझी नजर खाली गेली. उत्तर येईना. मी वर पाहिलं, तर ती माझ्या चेहऱ्याकडे डोळे लावून बसलेली. मी पाठ करून उभी राहिले आणि विचारलं, चहा घेणार? मागे नुसती शांतता. वळले आणि माझी हनुवटी नकळत आडवी हलली, तशी ती लगेच म्हणाली, "नको." इतके दिवस ती माझी हनुवटी वाचत होती. मला नाही हवंय म्हणून ती नाही म्हणत होती. गल्ल्यावरचं माणूस गिऱ्हाइकाचं मन ओळखतं, तसं तिनं माझं ओळखलं होतं.

मोरिता-सान काय म्हणाल्या होत्या ते मला आठवत होतं. मी शिकवणी तशीच चालू ठेवली. सुपारीचा दिवस जवळ आला होता आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

सुपारीला मोरबाळ्यांच्या बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. उत्तुऱ्यांकडची मंडळी भिंतीला टेकून बसली, रणवीर मध्ये, मनगटात जाड कडं. ईश्वरीला मोरपंखी साडी नेसवली होती. पट्ट्यामुळं तिला खाली बसवेना, म्हणून खुर्ची दिली. मी मुद्दाम बायकांच्या पुढे, तिच्या बरोबर समोर जाऊन बसले. रूपालीनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरला. भटजींनी पाटावर सुपारी ठेवली, फोडायला हात उचलला, आणि शिवाजीरावांनी त्यांना थांबवलं. दिलेला शब्द त्यांनी पाळला.

"इशू," ते म्हणाले, "चार माणसांच्या देखत विचारतो. तुला हे पसंत हाय न्हवं?"

 उत्तुरेबाई हसत होत्या, कारण उत्तर त्यांना माहीत होतं. ईश्वरीनं आधी वडिलांकडे पाहिलं, मग उत्तुरेबाईंकडे, आणि मग तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. ती वाट बघत होती. तिच्या डोळ्यांत मी काय शोधलं ते माझं मला माहीत. राग, भीती, काहीही चाललं असतं. काही नव्हतं. माझी हनुवटी सरळ राहिली असती तर ती हो म्हणाली असती. मी ती आडवी हलवली.

"नाही," ईश्वरी म्हणाली. मोठ्यानं, स्पष्ट, गोड आवाजात.

पुढचा गोंधळ कुठल्याही पेठेत होतो तसाच झाला. उत्तुरेबाईंनी पाटावरचा नारळ उचलून नेला. रणवीर कुणाला काय बोलला ते मी इथं लिहीत नाही, पण ते ऐकून शिवाजीरावांच्या भावानं त्याची गचांडी धरली, आणि स्थळ कसलं होतं ते सगळ्यांना एकदमच दिसलं. रूपाली स्वयंपाकघरात जाऊन रडत बसली. बायका एकमेकींना सांगत होत्या, की आली बाई पोरगी भानावर. त्या गर्दीत ईश्वरी खुर्चीवरून माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "बरोबर म्हटलं ना, सेन्सेई?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

संध्याकाळी शिवाजीराव तिला तिच्याच बुलेटवर मागे बसवून, हळूहळू चालवत आणून माडीवर घेऊन आले. माणूस एका दिवसात उतरून गेला होता. म्हणाले, बाई, तुमचंच खरं होतं, मला दिसलं नाही. इथून पुढं तिचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, ती तुमचं ऐकते. त्यांनी हात जोडले, बुलेटची किल्ली तिच्या शेजारी ठेवली आणि जिना उतरून पायीच गेले. मला त्यांना हाक मारून सांगायचं होतं, की अहो, तेच तर. ती माझं ऐकते. काल उत्तुऱ्यांचं ऐकणार होती, आज माझं ऐकते, उद्या जो समोर बसेल त्याचं ऐकेल. मी हाक मारली नाही.

ईश्वरी बाकावर ताठ बसली होती, हात मांडीवर. आता काय करू, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुला हवं ते कर." ती हसली, मान डोलावली, आणि तशीच बसून राहिली. मी आत गेले, दिवा लावला, भांडी घासली, मोरिता-सानना फोन करून झालेलं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मध्ये एकदा त्यांनी दातांमधून हवा ओढली. मी बाहेर आले तर पोरगी तिथंच, तशीच. काठी हाताशी होती, दार उघडं होतं, तिची बुलेट खाली उभी होती. पाठ दुखत असणार, कपाळावर घाम होता. पण टेकून बस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

मी चहा केला. माझा नेहमीचा, आणि त्यातही त्या दिवशी दूध फाटकं निघालं होतं, तेच घातलं. कप तिच्यापुढे ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. काचेत तिचं प्रतिबिंब दिसत होतं, माझा चेहरा मात्र तिला दिसत नव्हता. चहा गार व्हायला लागला. तिनं कपाला हात लावला नाही. शेवटी मीच म्हटलं, पी.

तिनं कप दोन्ही हातांनी उचलला, घोट घेतला, आणि काचेत मला दिसलं. नाक मुरडलं. तसंच, पहिल्या दिवशी मुरडलं होतं तसंच, शेंड्यापासून वरपर्यंत. क्षणभरच. मग चेहऱ्यावरून कुणी ओलं फडकं फिरवावं तसं ते पुसलं गेलं.

"छान झालाय, सेन्सेई," ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले. ती आत होती. तिचा नकार रोज उगवत होता आणि रोज तोंडाच्या अलीकडे दाबला जात होता, आणि हे ती कुणाला सांगूही शकत नव्हती. मी तशीच पाठ करून बसून राहिले, कारण माझं तोंड दिसलं असतं तर तिनं त्यातून काहीतरी वाचलं असतं.

"उद्या यात मीठ घालणार आहे," मी म्हटलं. "परवा मिरपूड."

"हो," ती गोड आवाजात म्हणाली, "चालेल."